साहेबांचं घड्याळ

माणूस बघून वेळ दाखवणारं हजेरीचं मशीन तुम्ही कधी पाहिलंय का? आमच्या साखर कारखान्यात होतं. आम्हा कॅन्टीनच्या बायकांच्या गेटवरचं मशीन दहा मिनिटं पुढं, तर ऑफिसच्या दारातलं दहा मिनिटं मागं. सिरसाळ्याहून वेळेत येऊनही मला लेट लागायचा. तीन लेट झाले की एक रजा जायची, आणि मला तर लेकीच्या बाळंतपणासाठी एकेक रजा जपायची होती.

शेवटी मी कॉम्प्युटर बघणाऱ्या शीतलला सांगितलं. ती म्हणाली, “मावशी, एकेक घड्याळ कशाला लावत बसायचं? सर्व्हरवर एकच फाईल लिहिते. सगळ्या मशिनांची वेळ एक होईल. कुणी बदलली तरी अर्ध्या तासात आपोआप बरोबर होईल.”

त्याच दुपारी मी तिला चहा द्यायला गेले, तर ऑफिसचे साहेब तिथं तणतणत आलेले.

“तीनदा वेळ मागं केली, तरी परत पुढं जातीय! मशीन बिघडलं हाय का?”

“न्हाई साहेब, आता सुधारलंय,” शीतल म्हणाली.

मला राहवलं नाही. “पर साहेब, तुमी वेळ मागं कावून करत होता?”

साहेब माझ्या ट्रेमधला चहा उचलून आपल्या केबिनकडं वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेळेवर अंगठा लावला, आणि साहेबांना पहिला लेट लागला.