सहा जण आत, मथुरा बाहेर

नाव : श्रीपाद वासुदेव मुणगेकर, वय ५३, धंदा : नोकरी (प्रमुख, सिंधुसेवा संगणक केंद्र), रा. सालईवाडा, सावंतवाडी.

विचारल्यावरून समक्ष सांगतो की, आमच्या केंद्रात अध्यापक प्रशिक्षणाचे अर्ज मशीनमध्ये नोंदवतात. टर्मिनल दहा आहेत, पण डेटाबेसमध्ये एका वेळी सहाच जणांना शिरता येते. पुण्याच्या इंजिनियरने तशी मर्यादा घातली आहे. का, ते त्याने सांगितले होते. माझ्या डोक्यात शिरले नाही. म्हणून कर्मचारी सकाळीच लॉगिन करून जागा धरतात, एस.टी.त रुमाल टाकावा तशी. दुसऱ्याच्या जागेला हात लावायचा नाही, ही शिस्त माझी. उगाच भांडणे नकोत.

काल दि. २८ जून १९८९, अर्जांचा शेवटचा दिवस, वेळ पाचपर्यंत. साडेतीनला इन्सुलीचे लवू मेस्त्री मुलगी मथुरा हिला घेऊन आले. वयात बसण्याची तिची ही शेवटची खेप. ऑपरेटर लीला राणे तेव्हाच कामावर आली होती. तिने लॉगिन केले, तर जागा नाही. चौघे कर्मचारी लॉगिन तसेच ठेवून कुडाळला मीटिंगला गेले होते. लीला म्हणाली, "साहेब, धोंडूभाऊ जागा धरून आचऱ्याला बारशाला गेलेत. त्यांच्या टर्मिनलवर बसून नोंद करू?" मी नको म्हणालो. माणसाच्या पाठीमागे बरे दिसत नाही.

मथुराने विचारले, "सायबानू, भितर कोण आसा?" मी म्हणालो, सहा जण. ती म्हणाली, "माका तर एकव माणूस दिसणा नाय." हे मलाही चमत्कारिक वाटले. पण मशीन कशाला खोटे बोलेल?

पाचला नोंद बंद झाली. मथुरा अर्जाची घडी घालत राहिली. लवूंनी स्टूल उचलून एक टर्मिनल फोडले. "भितर कोण नाय, मगे दार कित्याक बंद?" असे ते ओरडत होते.

आज इंजिनियरने फोनवरून सांगितल्याप्रमाणे लीलाने कालच्या सहा जणांची यादी काढली. मीटिंगचे चार, धोंडू, आणि सहावा मी. माझ्या केबिनमध्ये टर्मिनल आहे. शिकवलेले दोन शब्द मी रोज सकाळी टाइप करतो. पुढचे मला काही येत नाही.

लवूंविरुद्ध फिर्याद द्यायला आलो होतो. ती द्यायची नाही. मथुराचे काय करता येईल, हे मी हवालदारांनाही विचारले. त्यांनाही माहीत नाही.

जबाब मला वाचून दाखवला. सांगितले तसाच उतरला आहे. सहाव्या नावाची ओळ गाळावी, अशी मी विनंती केली होती. ती गाळलेली नाही. तीही बरोबर आहे.