गंगू हीच मंजुषा

(तेल्हाऱ्यातला जनावरांचा सरकारी दवाखाना. टेबलामागे डॉ. ओमप्रकाश चर्जन, समोर उत्तमराव निमकर्डे आणि त्यांची बायको बेबीताई. दुपारचे साडेतीन.)

उत्तमराव : आता याच्यात भ्याचं काय हाये, साहेब? मी सोता सांगून राहिलो ना, हे माही बायको हाये. तीस वर्सापासून मीच सांभाळून राहिलो इले.

बेबीताई : कोन कोनाले सांभाळून राहिलं थे नंतर पाहू. आधी कागद दाखवा त्याईले.

डॉक्टर : कागद पाहिले, ताई. शाळेच्या दाखल्यावर नाव आहे गंगू पुंजाजी खेरडे. आधार कार्डावर मंजुषा उत्तमराव निमकर्डे. आणि मी तीन वर्षांपासून तुम्हाला बेबीताई म्हणतो. आता या तिन्ही बाया एकच आहेत, असं मी लिहून द्यायचं.

उत्तमराव : एकच हाये, साहेब. तीन असत्या तं मी आजवर जगलो असतो का?

डॉक्टर : पण गंगूची मंजुषा झाली कुठे?

उत्तमराव : मांडवात. मीच केली. ताटात तांदूळ पसरवले अन् आंगठीनं लिवलं, मंजुषा. नाव मी आठ दिवस आधीच इचार करून ठेवलं होतं. पुऱ्या मांडवानं वाचलं, पेढे खाल्ले, टाळ्या वाजवल्या.

डॉक्टर : ते झालं. पण लग्नाची नोंदणी? राजपत्रात नावबदल?

उत्तमराव : तांदळात केली ना नोंद.

डॉक्टर : मग ते तांदूळ कुठे आहेत?

बेबीताई : दुसऱ्या दिवशी त्याचा भात झाला. सासूबाईनं पंगतीत वाढला. पुरावा होता, पन चाळीस जनाईनं वरनासंगं खाल्ला.

डॉक्टर : आणि हे सगळं आजच कशाला निघालं?

बेबीताई : आज शेवटली तारीख हाये म्हनून. मले दहावी करायची हाये, डाक्टर साहेब. बाहेरून बसाचा सतरा नंबरचा फॉर्म असते ना, थो भरला. शाळेतला बाबू म्हने, गंगू अन् मंजुषा एकच बाई हाये असं राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याचं आना, पाचच्या आत. नाही आनलं तं बसा पुढच्या साली. मी अट्ठेचाळीसची झाली. नववी पास होऊन घरी बसली, तवापासून थे एक मनात अडकून हाये. आता मले पुढचं साल नोको.

उत्तमराव : सकाळपासून गाडी दामटून राहिलो. सरपंच देतो म्हनते, पन त्याचं चालत नाही. तहसीलदार अकोल्याले मीटिंगले गेले. मानसाईच्या दवाखान्यातला डाक्टर नवा हाये. म्हने, मी तुमाले आजच पाहून राहिलो, कसं लिवून देऊ. मंग रस्त्यात मले एकदम सुचलं, आपल्या म्हशीचे साहेब बी राजपत्रितच हायेत.

डॉक्टर : म्हशीचं सोपं आहे हो. तिच्या कानात पिवळा बिल्ला आहे, त्यावर बारा आकडी नंबर. तिच्या कागदावर मी डोळे मिटून सही करतो.

उत्तमराव : पाह्य, मी म्हनत होतो. म्हशीले बिल्ला मारला त्या दिवशी तू बी लाइनीत उभी राह्यली असती तं आज हे वनवन नसती.

बेबीताई : आधी तुमचे कान टोचून घेऊ. तुमी हरपता बी जास्त.

डॉक्टर : ताई, हसण्यावारी नेऊ नका, मी खरंच अडचणीत आहे. या दाखल्याच्या नमुन्यात छापलंय, मी या व्यक्तीस दोन्ही नावांनी व्यक्तिशः ओळखतो. मंजुषाला ओळखतो, कबूल. पण गंगूला मी जन्मात पाहिलेलं नाही. खोटं लिहून शिक्का मारणं माझ्याच्यानं होणार नाही.

बेबीताई : पाह्यलं हाये तुमी.

डॉक्टर : कोणाला?

बेबीताई : गंगूले. माह्या माहेरी, चांदूर रेल्वेले. तुमी आमच्या घरी पोरगी पाहाले आले होते.

उत्तमराव : कोन आलं होतं?

बेबीताई : हेच.

उत्तमराव : पोरगी कोनती?

बेबीताई : मीच. घरात दुसरी होती का?

उत्तमराव : साहेब, उलीसं पानी द्या.

डॉक्टर : घ्या, घ्या. ताई, काहीतरी गल्लत होतेय. तेव्हा मी शिकत होतो, सुटीत घरी आलो की आमचे काका रोज एक घर दाखवायचे. त्या उन्हाळ्यात आठ-दहा मुली तरी...

उत्तमराव : आठ-दहा? मी एक पाह्यली अन् तिथंच बसलो.

बेबीताई : तुमाले कोनी दुसरी दाखवलीच नाही. डाक्टर साहेब, मी तं तुमाले तीन वर्सापासून ओळखते. म्हैस पयल्यांदा आनली, तवाच ओळखलं.

उत्तमराव : अन् मले सांगतलं नाही?

बेबीताई : तुमी मंग म्हैस दूर हिवरखेडच्या दवाखान्यात नेली असती. तिचे हाल काहून करू?

डॉक्टर : बरं, ताई. तुम्ही म्हणता त्या गंगूच असाल, तर त्या दिवशी काय झालं ते सांगा. पटलं तर या क्षणी सही करतो.

बेबीताई : सांगू? तुमचे काका पांढरी टोपी घालून मधात बसले. त्याईनं मले नाव इचारलं, सुई ओवाले लावली, पेपर वाचाले लावला. मंग म्हने, पोरी, चालून दाखव. मी सैपाकघरापासून दारापर्यंत चालली. अन् दाराशी उभी राहून म्हनलं, आता पोरगा बी चालवून दाखवा. माह्या मायले तं घामच फुटला. काका लाल झाले. पन तुमी उठले. तुमची पॅन्ट मोठ्या भावाची होती, कमरेत ढिली. पट्टा नव्हता, सुतळी बांधली होती. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, अन् तिसऱ्या पावलाले...

डॉक्टर : ताई, बस. पटलं. गंगूच आहात तुम्ही.

उत्तमराव : साहेब, अशी अर्धी गोठ सोडू नोका. तिसऱ्या पावलाले काय झालं?

डॉक्टर : उत्तमराव, ते दार लोटून घ्या आधी. बाहेर माझा स्टाफ बसलाय.

उत्तमराव : हे घ्या, लोटलं. आता सांगा.

डॉक्टर : आता मी लिहितो. सौ. मंजुषा उत्तमराव निमकर्डे व कु. गंगू पुंजाजी खेरडे ही एकच व्यक्ती असून मी तिला दोन्ही नावांनी व्यक्तिशः ओळखतो. खाली रकाना आहे, परिचयाचे स्वरूप.

उत्तमराव : लिवा, पॅन्ट.

डॉक्टर : जुना कौटुंबिक परिचय, असं लिहितो.

उत्तमराव : कौटुंबिक कसा? कुटुंब तं झालंच नाही.

बेबीताई : गुमान बसा. सही होऊन राहिली.

डॉक्टर : ही सही. आणि हा शिक्का.

उत्तमराव : वाचला का तू? पशुधन विकास अधिकारी.

बेबीताई : चालते. बाबूनं राजपत्रित मागतलं, कोनाचा डाक्टर थे नाही इचारलं.

डॉक्टर : ताई, एक विचारू? नकार तुमच्याकडून आला होता. काकांनी सांगितलं, मुलगी आगाऊ आहे, बरं झालं. पण मला मनातून तुम्ही आवडल्या होत्या. इतकी वर्षं मी समजत होतो, त्या सुतळीपायी गेलं. तसंच होतं का?

उत्तमराव : साहेब, मी अथीच बसून हावो.

बेबीताई : सुतळीचं काय घेऊन बसले? आमी चार दिवस हासलो, पन त्याच्यानं पोरगा वाईट होत नाही. निघता निघता मी तुमाले एकच गोठ इचारली होती. लग्न झाल्यावर मले दहावी करू देसान का? तुमी काकाच्या तोंडाकडे पाह्यलं.

डॉक्टर : पाहिलं होतं. आठवतंय मला.

उत्तमराव : मले बी इचारलं होतं इनं. मी नाही पाह्यलं कोनाच्या तोंडाकडे. फटकन हो म्हनलं.

डॉक्टर : मग?

उत्तमराव : मंग काय, साहेब. अंकुर झाला, रागिणी झाली. माय अंथरुनाले लागली. वांग्याच्या वाडीत मानूस पुरे ना. दर साली मी म्हनो, औंदा जाऊ दे, पुढच्या साली पक्कं. इनं एका शब्दानं वाद नाही घातला. तुमी निदान हो तं नव्हतं म्हनलं, साहेब. मी हो म्हनून तीस वर्सं बसवून ठेवलं.

बेबीताई : रडू नोका आता. शाई वाळाची हाये अजून, कागद ओला होईन. उठा, गाडी काढा.