फोटोतलं ताट

आमच्या अण्णांना शुगर निघाली ना, तेव्हाचं सांगते. आहाराच्या मॅडम पुण्याच्या. रोज मोबाइलवर ताटाचा फोटो मागायच्या आणि रविवारी व्हिडिओ कॉल करायच्या. अण्णांचं उभं आयुष्य टॉवेल विणायच्या मागावर गेलेलं; तीन कडक भाकरी आणि वाटीभर शेंगाचटणी झाल्याशिवाय ते उठायचे नाहीत. फोटोत मात्र रोज अर्धी भाकरी, चमचाभर भाजी आणि पातळ आमटी. मी नोकरीवर असायची, घरी आई आणि अण्णा दोघंच; मला वाटलं, सुधारले बाबा एकदाचे.

रविवारी मी शाबासकीची वाट बघत शेजारी बसले, तर मॅडम म्हणाल्या, "काका, हे फारच कमी आहे हो. एवढ्यावर चक्कर नाही येत?"

अण्णा हळूच म्हणाले, "मॅडम, खोटं कशाला बोलू? ते ताट माजं न्हाय, हिचं हाय. माजं झाल्यावर ही बसती, तवा फोटो काढायचो."

"मग त्यांना येते का चक्कर?"

अण्णांनी स्वयंपाकघराकडे तोंड वळवलं. "अगं, तुला चक्कर येती का?"

"येती की. लई दिस झालं."

"मग बोलली न्हाईस कदी?"

"तुमी कदी इचारलं?"



दुसऱ्या दिवशी फोटोत दोन ताटं होती, शेजारी शेजारी. सोबत अण्णांचा आवाज: "मॅडम, डावीकडलं हिचं हाय. आदी ते बघा."