इथं नेट नाही — तरी थांबायचं?

मंडळी, जरा पुढं सरकून बसा. खांबाला टेकलेल्यांनी खांब सोडला तरी चालेल — देऊळ पडत नाही, मी बघून आलोय!

एक प्रश्न विचारतो. सोपा आहे. समजा, आपण एखाद्याच्या घरी गेलो. तिथं गप्पा नाहीत, हसणं नाही, ओळख नाही, वशिला नाही. काही म्हणजे काही मिळणार नाही, हे दारातच कळलं. तर अशा घरी किती वेळ थांबावं?

बोला की! आता का गप्प? लग्नाच्या मांडवात शेवटची पंगत उठेपर्यंत थांबता! हे पहिल्या रांगेतले तात्या बघा — घड्याळ बघतायत. मिळालं मला उत्तर!

पण मंडळी, फलटणच्या एका गृहस्थांना याचं खरं उत्तर मिळालं. आणि ते दिलं कुणी? साधूनं नाही, पोथीनं नाही — प्रिंटरनं! हो, हो, प्रिंटर! कागद छापायचं यंत्र! म्हणाल, बुवा, राजाराणीची गोष्ट सांगा, ऋषिमुनींची सांगा, हे काय काढलंत भलतंच? अहो, देव कुणाच्या तोंडून बोलेल याचा काही नेम आहे का? ऐका तर खरं.

फलटणला एक कॉलनी आहे. तिथं राहतात भालचंद्र खरोटे. सगळे त्यांना भालूकाका म्हणतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पत्नी सुनंदाबाई देवाघरी गेल्या. एकुलती एक लेक वैजयंती, ती नोकरीला हैदराबादला. म्हणजे घरात माणूस एकच! टीव्ही सकाळी लागायचा तो रात्री निजेपर्यंत चालू — बघायला नव्हे हो, घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून! आणि बाहेर निघाले की उंबऱ्यातून मागं वळून म्हणायचे, "येतो गं, कडी लावून घे." असं म्हणायचे — आणि खिशातून कुलूप काढून स्वतःच लावायचे. रोज! आत कुणी नाही हे कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. पण इतक्या वर्षांची जिभेची सवय, ती काय माणूस गेलं म्हणून जाते?

आता त्याच गल्लीच्या टोकाला निवृत्तीअण्णा जगदाळे. भालूकाकांचे जिवलग मित्र. अहाहा, काय आवाज होता अण्णांचा! दर गुरुवारी दत्ताच्या देवळात भजन — अण्णा गाणार आणि भालूकाका झांज वाजवणार. झांज बरी नव्हती त्यांची, ताल सुटायचा! आमचे हे पेटीवाले असते तर त्यांनी डोळे वटारले असते. पण अण्णा कधी रागावले नाहीत. गाता गाताच नुसती मान हलवायचे आणि मित्राला हळूच समेवर आणून सोडायचे.

अशा माणसाला, मंडळी, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. वाचा! बाकी कळतं सगळं. कोण आलं, कोण गेलं, सगळं समजतं — शब्द तेवढा ओठापाशी येऊन अडतो.

सुरुवातीला ही गर्दी! इतकी केळी आली, इतकी केळी आली, की अण्णांच्या घरच्या वहिनींना शेजारीपाजारी वाटावी लागली. मग गर्दी ओसरली. भालूकाका मात्र जात राहिले. जायचे, बसायचे, पाऊसपाण्याचं बोलायचे, निवडणुकीचं बोलायचे. समोरून उत्तर नाही. अण्णा नुसते बघायचे, कधी कधी डोळ्यांतून पाणी यायचं. भालूकाकांना तिथं गुदमरल्यासारखं व्हायचं. "बरं, निघतो," म्हणून उठायचे. मग एक दिवसाआड झालं. मग आठवड्यानं. आणि मग? मग दुधाला जायचा रस्ताच बदलला! अण्णांच्या दारावरून जायला नको म्हणून मागच्या बोळातून जायला लागले. एकटा माणूस दुसऱ्या एकट्या माणसाला टाळून बोळातून निघाला! याला काय म्हणावं?

वाईट होते का हो ते? मुळीच नाही. त्यांना वाटायचं, तिथं जाऊन मिळतं काय? ना अण्णांना काही मिळत, ना मला. घरी येऊन आणखीच रिकामं वाटतं.

एके दिवशी सकाळी फोन वाजला. अण्णांच्या पत्नी, शेवंतावहिनी.

"भावजी, तुमच्याकडं ते कागद काढायचं मशीन हाय नव्हं?"

"आहे वहिनी. दिवाळीला वैजूनं आणलंय. का बरं?"

"वाचेच्या दवाखान्यातल्या बाईंनी फोनवर चित्रं धाडलीत. पाणी, चहा, पोट दुखतंय, पंखा लाव — अशी. कागदावर काढून पुढं ठेवा म्हणाल्यात. ती तुमच्या फोनवर धाडते. म्हंजी हे बोट ठेवतील आन् मला कळंल." मग वहिनी म्हणाल्या, "काल दुपारी ह्यांना काय पायजे ते मला कळंना. पाणी दिलं, न्हाई. चादर दिली, न्हाई. शेवटी वाटी भिरकावली ओ त्यांनी. आयुष्यात कधी आवाज चढवला न्हाई ह्या माणसानं. मग दोघंबी रडत बसलो."

भालूकाका लगेच म्हणाले, "काळजी करू नका वहिनी. संध्याकाळच्या आत आणून देतो."

आता कुणी म्हणेल, रिक्षानं स्टँडवर जायचं आणि दुकानातून छापून आणायचं, त्यात काय एवढं! पण नाही! घरात मशीन आहे ना! आणि मंडळी, आतली गोष्ट सांगू? घरात बसून करता येते ती मदत माणसाला फार आवडते. कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही!

तर काकांनी प्रिंटरवरचं विणलेलं झाकण काढलं. दिवाळीपासून तो तसाच! लेक घाईत निघून गेली, जोडायचा राहिला. प्रिंटर कसा? त्याला पडदा नाही. काही लिहून येत नाही, काही सांगत नाही. चार बटणं आणि दोन दिवे, संपलं! पांढरा, गप्प, बसलाय आपला टेबलावर.

काकांनी लेकीला व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, माझी जेवणाची सुट्टी आहे, पटकन करू. वायफायचं बटण दाबून धरा. धरा... सोडू नका. दिवा लुकलुकला?"

"लुकलुकला!"

"आता तुमच्या फोनमध्ये वायफायची यादी उघडा. त्यात प्रिंटरचं नाव दिसेल. त्यावर बोट ठेवा."

बघा हं, मंडळी! त्या मुक्या यंत्राला तोंड नाही, पण त्यानं स्वतःचं एक एवढंसं नेट सोडलेलं असतं. दिवा लुकलुकतो म्हणजे काय? तो म्हणतोय — मी इथं आहे. या कुणीतरी. मी इथं आहे!

काकांनी बोट ठेवलं. आणि फोननं विचारलं, "या नेटवर्कवर इंटरनेट नाही. तरी जोडलेले राहायचे?"

काका शहाणे! नेट नाही? मग कशाला राहायचं? दाबलं — नाही! आणि गेले परत घरच्या वायफायवर. तुम्हीही तेच केलं असतंत. मीही तेच केलं असतं!

बरं, नवल पुढंच आहे. प्रिंटरच्या नेटवर जाऊन परत येण्यात लेकीचा कॉल तुटला! का? तर कॉल घरच्या वायफायवर. मोबाइलचा डेटा काकांनी बंद ठेवलेला — घरात वायफाय असताना कशाला जाळायचा! तिकडं वैजयंतीला वाटलं बाबांनी रागानं फोन ठेवला. इकडं काकांना वाटलं, वैतागली पोर, ठेवला फोन. पुन्हा कॉल, पुन्हा बटण, पुन्हा तो प्रश्न, पुन्हा "नाही". शेवटी प्रिंटरचा दिवाच विझला. किती वेळ हाक मारणार तो तरी?

काका खुर्चीत मागं रेलले. टीव्ही बंद केलेला, ऐकू यावं म्हणून. घर एकदम गप्प. म्हातारा माणूस, समोर मुकं यंत्र, आणि तिकडं एक बाई कागदाची वाट बघत बसलेली. त्यांना रडू यायचं बाकी राहिलं होतं. सुनंदा असती तर म्हणाली असती, "सरका, मी बघते." तिलाही काही आलं नसतं हो! पण शेजारी कुणी म्हणायला तर असतं!

पुन्हा फोन वाजला. लेकीचाच व्हिडिओ कॉल.

"बाबा, तुम्ही सारखा फोन का ठेवताय?"

"मी कुठं ठेवतोय? अगं, फोन म्हणतो तिथं नेटच नाही!"

"नसणारच बाबा! तिथं कुठून येणार? तुम्ही त्याच्याकडून काही घ्यायला नाही चाललात. आपल्या घरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड त्याला सांगायला चाललात. फोन विचारेल, थांबायचं का? तुम्ही म्हणा — हो. माझा आवाज जाईल. जाऊ दे. तुम्ही तिथंच थांबा. पासवर्ड दिला की प्रिंटर आपणहून आपल्या घरच्या नेटवर येईल."

ऐकलंत? पुन्हा सांगू? घ्यायला नाही चाललात! सांगायला चाललात! त्याच्याकडं काही नाही, म्हणून तर जायचं!

काकांनी पुन्हा बटण दाबून धरलं. दिवा लुकलुकला. नाव दिसलं. प्रश्न आला — तरी जोडलेले राहायचे? लेकीचा चेहरा समोर होता, तो जाणार होता.

"वैजू, जातो मी," असं म्हणाले, आणि दाबलं — हो!

गेला चेहरा. गेला आवाज. काका आणि तो मुका, दोघंच. पण आता काका हलले नाहीत. लेकीनं दिवाळीतच फोनमध्ये घालून दिलेलं प्रिंटरचं ॲप उघडलं. घराच्या वायफायचं नाव निवडलं. पासवर्ड टाकला — गुरुदत्त, एक, दोन, तीन. हसताय कशाला? निम्म्या कॉलनीचा तोच आहे! उद्या बदला!

दिवा लुकलुकतोय... लुकलुकतोय... काका श्वास धरून बसलेत... आणि दिवा थांबला! एकदम स्थिर! काकांनी वहिनींची चित्रं उघडून छापायचं बटण दाबलं. यंत्राच्या पोटात घरघर झाली, आणि कागद सर्रकन बाहेर. पाणी! चहा! पंखा! काका त्या रिकाम्या घरात ओरडले, "आलं गं, आलं!"

पण मंडळी, आख्यान इथं संपत नाही. यंत्र जोडणं सोपं असतं.

संध्याकाळी कागद घेऊन काका निघाले. आज पुढच्या रस्त्यानं. मनात काय? दारातूनच द्यायचे, "घाई आहे" म्हणायचं आणि फिरायचं. वहिनींनी दार उघडलं. "आत या भावजी!" आता आत तर यावंच लागलं. अण्णा खिडकीपाशी बसलेले, डावा हात मांडीवर. मित्राला बघून त्यांच्या तोंडून नुसता एक आवाज आला. काका उभेच राहिले, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

वहिनींनी कागद अण्णांपुढं धरला. "अहो, बघा तरी. काय पायजे? पाणी? चहा?"

अण्णांचं डावं बोट उठलं. पाण्यावरून गेलं. चहावरून गेलं. दुखण्यावरून गेलं. आणि थांबलं एका चित्रावर — खुर्ची!

"खुर्ची? अवो, खुर्चीतच बसलाय की तुम्ही!" वहिनींनी पाठीशी उशी सरकवली. अण्णांनी मान हलवली. नाही! पुन्हा बोट तिथंच. वहिनींनी त्यांचा पाय उचलून पाटावर ठेवला. नाही! पुन्हा बोट — खुर्ची, खुर्ची, खुर्ची! चेहरा लाल झाला. कालच्यासारखी वाटी भिरकावतात की काय! वहिनी रडकुंडीला आल्या. "भावजी, ह्यातनंबी मला काय कळंना ओ!"

तेव्हा भालूकाकांनी अण्णांकडं बघितलं. पहिल्यांदा नीट, डोळ्यांत बघितलं. अण्णा वहिनींकडं बघतच नव्हते. ते बघत होते काकांकडं. दारात उभ्या असलेल्या, निघायच्या घाईत असलेल्या काकांकडं!

मंडळी, कळलं का? इतके महिने ज्याला एक शब्द बोलता आला नाही, त्याला आज बोलायला मिळालं. त्यानं काय मागितलं? पाणी मागितलं नाही. स्वतःसाठी काहीच मागितलं नाही. तो म्हणत होता — अगं, भालू उभा आहे. त्याला बसायला दे!

काकांनी चपला काढल्या. स्टूल ओढलं, अण्णांच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ. बसले. हातात हात घेतला आणि ढसाढसा रडले. दिवेलागण झाली, वहिनींनी देवापुढं निरांजन लावलं, भाकऱ्या झाल्या — काका उठले नाहीत.

आता तुमच्याकडं वळतो. कुठं पळताय? तुमच्या गल्लीत असं एक घर आहे. आहे! मला नाव सांगू नका, तुम्हाला माहीत आहे. दुधाला जाताना त्या दारापाशी पावलं भरभर पडतात, हेही माहीत आहे. तिथं काही मिळत नाही म्हणता ना? अहो, आत कुणीतरी कधीपासून म्हणतोय — बसा. आणि आपण उभ्याउभ्याच निघून येतोय!

उद्या माझं कीर्तन चुकलं तर चुकू द्या. त्या घरी जाऊन बसलात, तर मी म्हणेन, उद्याचं कीर्तन तिथं झालं. आता हात वर करा, मोठ्यानं देवाचं नाव घ्या, प्रसाद घ्या — आणि त्यातला अर्धा खाऊ नका. त्या दारी घेऊन जा. जाऊन बसा!