बाई कुठी जात होती?

– नाही, बसा ना सर, उभ्यानं काहून बोलता? पेढे तिकडं ठेवा, खिडकीत. केस मी जिंकली म्हणून पेढे? तुमी आणले? वा! हेडमास्तर असताना कोर्टात तुमीच तं लिहून देल्लं – ज्योत्स्ना नावाची शिक्षिका आमच्या शाळेत कधी नव्हतीच. कधीच! सात वर्षं बिनपगारी शिकवलं मी तिथं. सरकारची मान्यता आली का सारा पगार एकदम निघते बाई, असं कोण म्हणत होतं? तुमीच. अन् मान्यता आली तं माझ्या जागी कोण? संस्थेच्या सेक्रेटरीची सून! हो, दबाव होता वरून, मालूम आहे मले. दबाव होता म्हणून माणूस इतकं खोटं लिहिते? थू! नागपूरले कोर्टात माझ्या वकिलानं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचा फोटो दाखवला – मले शील्ड कोण देऊन राहिलं त्याच्यात? तुमीच ना?

पैशाचं सोडा, ते येतीन. पण तुमचा तो कागद घरी आला ना सर, तं आमचे हे जेवता जेवता हासून म्हणते, "शाळेत नव्हती तं रोज डबा घेऊन कुठी जात होती वो?" हासूनच म्हणलं, बरं. मीबी हासली. पण तवापासून किराण्याले निघाली तरी विचारते – कुठी? निकाल लागला तरी विचारते. मायलेबी सांगितलं नाही मी हे. तुमाले काहून सांगून राहिली, काय मालूम.

बोला, कायले आले? – काय? तुमची पेन्शन अडवली? त्याच सेक्रेटरीनं? अन् माझ्या वकिलाचा नंबर पाहिजे! म्हणजे पेढे त्याच्यासाठी. किळस येते सर, खरंच किळस येते.

देते नंबर. पण एक काम करा. हे मांगं आंगणात गाडी धुऊन राहिले, त्यायले एकच सांगा – बाई शाळेतच होती, मी रोज पाहात होतो. लिहून नाही मागत, तोंडानं सांगा. – अजी, या जरा इकडं! हेडमास्तर सर काही सांगतो म्हणते तुमाले.

हं, आले. सांगा सर.

सांगा ना!

भेव कायचा? सेक्रेटरीच्या कानावर जाईन म्हणून? – अजी, तुमी थांबा, जाऊ नका – सर, वर पाहा, खाली काय पाहून राहिले?

उठा. पेढे उचला अन् निघा.