पंचफुलामावशींना कुणी विचारलं?

सन्माननीय अध्यक्ष भगवानराव, आज निवृत्त होत असलेल्या आपल्या डॉक्टर अनुपमाताई, व्यासपीठावरील मान्यवर आणि ताडकळसच्या माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना जयभीम, नमस्कार.

डॉक्टरबाईंचा गौरव आधीच्या वक्त्यांनी केला. मी तक्रार करणार आहे, आपल्या सगळ्यांची. म्हाताऱ्यांची सेवा आपण जीव ओतून करतो. पण त्यांना विचारतो कधी?

माझ्या शेजारच्या पंचफुलामावशी. साखरेच्या आजारानं पाय सडला. बाई म्हणाल्या, "परभणीला नेऊन पाय काढावा लागेल. थांबलात तर जीव जाईल." मुलगा धम्मदीप म्हणाला, "दाजी येऊ द्या, मंग ठरवू." दाजी आले. ते म्हणाले, "मी जावई माणूस, मी कसं सांगू?" लेक सुकेशनी म्हणाली, "मायलाच खरं सांगू." तर तिच्यावरच सगळे धावले, "गप! धसका घेईल ती." मावशींना सांगितलं होतं, निस्ती पट्टी बदलायचीय. उद्या बरंवाईट झालं तर बोल कुणाला लागेल, या धाकानं सगळे दवाखान्याच्या व्हरांड्यात थिजलेले. आत पाय सडतोय!

वाईट कुणीच नव्हतं हो. मायाच होती सगळी. पण मायेनं माणसाला त्याच्याच देहातून बेदखल करावं?

बाईंनी सगळ्यांना खाटेपाशी नेलं. "बोला आता, यांच्यासमोर." धम्मदीप दाजींकडे बघे, दाजी दाराकडे. मग बाईंनीच मावशींना समजावलं, पाय काढला तर काय, नाही काढला तर काय.

मावशी म्हणाल्या, "मला वास येत न्हाई व्हय रे? आन् पट्टीच बदलायची तर जावई कशाला बोलावला?"

हसा, दाजीही हसले होते.

"काढा म्हणावं पाय. बसून भाकरी थापता येतात. सही मीच करते."

धम्मदीप ढसाढसा रडायला लागला. मावशींनी त्याचा हात धरला. "आन् ऐक, पुढं मला सुद राहिली न्हाई, तर सुकेशनीला विचारायचं. मला काय नगं ते तिला सांगून ठिवते. तू लय हळवा हाईस, बाबा."

बाहेर येऊन धम्मदीप मला म्हणाला, "गुरुजी, छातीवरचा दगड उतरला."

पाय गेला, मावशी आहेत. बाई, त्या खाटेपाशी तुम्ही आम्हाला उभं केलंत, त्याबद्दल हे गाव तुमचं ऋणी आहे. आयोजकांचे आभार. बोलताना माझा आवाज चढला असेल, कुणाला लागलं असेल, तर मोठ्या मनानं सोडून द्या. पण घरी गेल्यावर आईबापांजवळ बसा आणि विचारा. त्यांना बोलता येतंय तोवर विचारा.