मांडीवरची बाटली

नाही, पण एकदाच सांगा ना बाप्पा, काय हाय ते! तुम्हाले सांगते, बोरी अरबहून यवतमाळ, यवतमाळहून बोरी अरब, चार खेपा झाल्या माह्या, अन् दर खेपेले तेच... आत काहीतरी हाय!

पहिल्या खेपेले सोनोग्राफी. अर्पिता मॅडम, आमच्या डॉक्टरीणबाई, टीव्हीजवळ तोंड नेऊन पाहाले लागल्या! मंग हळूच म्हणे, "रुपाली, पिशवीत काहीतरी आहे. सावली दिसते, पण नक्की सांगता येत नाही." आता वस्तू नाही अन् सावली हाय, असं कुठी असते काय? लग्नाले सहा वर्षं झाली, लेकरू राहत नाही, अन् सावली राहून राह्यली फुकटात!

दुसऱ्या खेपेले आतून रंग सोडून फोटो. कळ अशी का इचारू नका! फिल्म घरी आणली. आमच्या सासूबाई, कांताबाई, त्यायनं आजवर एक्सरेच्या फिल्ममधून सूर्याचं गिऱ्हाणच पाह्यलेलं. धरली सूर्यासमोर अन् किंचाळल्या, "मायवं! याले शिंगं हायत!" म्हटलं, आई, त्या नळ्या हायत, समद्याच बायायले असतात. "अन् मधात हे काळं काय बसलं?" मॅडमही तेच म्हणे, हवेचा बुडबुडा असंन, नाही तं... आत काहीतरी हाय! आमच्या घरात भूतखेत कोणी मानत नाही बरं. पण सासूबाईनं ती फिल्म खिडकीच्या फुटक्या काचेच्या जागी लावली, अन् दिवस कलला का शिंगं येत भिंतीवर, हळूहळू सरकत माह्या पलंगापाशी! मानत नाही मी. पलंग तेवढा हलवला.

तिसऱ्या खेपेले पाणी सोडून सोनोग्राफी. "आता दिसलं! हलतंय बघ!" हलते? म्हणजे जितं हाय काय?

चौथ्या खेपेले दुर्बीण. मॅडम म्हणे, "आतापर्यंत बाहेरून दार वाजवलं, आता आत जाऊन पाहू." जागीच होती मी. टीव्हीवर गुलाबी गुहा, दोन कोपऱ्यांत दोन काळी भोकं मलेच पाहून राह्यली, अन् मधात तुरीच्या दाण्याएवढा मांसाचा कोंब... मान हलवून राह्यला, हो हो, मीच तो! चिमट्यानं काढला, बाटलीत टाकला. "साधाच वाटतो, तपासून घेऊ. आता दिवस राहू शकतात, पण खात्री नाही देत मी."

अन् बाटली तपासाले नेऊन द्याची आपणच! गेलो तं शनिवार, लॅब बंद, सोमवारी या. प्रफुल्ल, माहा नवरा, बाटलीले हात लावाले तयार नाही. "मले भेव वाटते." मंग मीच त्याच्या गळ्यातल्या दुपट्ट्यात चांगली गुंडाळली अन् मांडीवर घेतली. येष्टीत ही गर्दी! एक म्हातारी उठली, मले जागा दिली, अन् दुपट्ट्याकडं पाहून म्हणे, "झोपलं काय वं?"

काय सांगू तिले? मी म्हटलं, "हो." लोहारा गाव मागं गेलं, खिडकीतून ऊन आलं, तं मी पदर आड धरला. कायले? मले मालूम नाही. लय रडू आलं पण.

सासूबाई दारातच उभ्या. बाटली घेतली, सूर्यासमोर धरली, एक डोळा मिटून पाहतच राह्यल्या. म्हटलं, आता याले शेपूट निघते का काय... तं डोळ्याले पदर लावून म्हणे, "नाक प्रफुल्लवर गेलं वं."

मी म्हटलं, हो आई... पण सोमवारी लॅबात नेऊन द्याचं हाय.